देवीनं सांगितलेला विषय

मनकर्णाला ही गोष्ट कळली ती कपाशीच्या ओळीत, खुरपं चालू असताना, आणि तीही सुलाबाईच्या तोंडून. सुलाबाईला कळलेली गोष्ट गावाला कळायची राहत नाही; राहते ती फक्त जिची आहे तिला. सावडीची खुरपणी होती. आज एकीचं रान, उद्या दुसरीचं, असं बाया मिळून उरकत होत्या आणि आजचं रान सुलाबाईचं होतं. बाकीच्या पुढं सरकल्या तरी रानाची मालकीणच मुद्दाम मागं रेंगाळली, हराळीच्या एकाच मुळीभोवती खुरपं फिरवत बसली आणि म्हणाली, "मनकर्णे, तुला म्हनं आजार हाय."

"कसला आजार?"

"मला काय म्हाईत माय. तुझ्या लेकीनंच सांगितलंय साळंत. माईकवर."

मनकर्णाचं खुरपं थांबलं नाही. पुढच्या बायांची खुरपी मात्र थांबली. एकीनं पदर तोंडाला लावला.

"तुझ्या अंगात येतं तो आजार हाय म्हनं. डोस्क्याचा," सुलाबाई म्हणाली. "मी तर म्हनलं, लेकरू हाय, बोललं आसंल. पर लोक हसायलेत बाई. आमची मंजुषा सांगायली, समदी साळा हसली."

झालं होतं ते असं. दहावीचा निकाल लागला तशी शाळेनं पास झालेल्या पोरांना बोलावलं. पुढं काय घ्यायचं ते सांगायला परभणीहून राजेश्री नावाच्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी एकेकाला उठवून विचारलं, काय व्हायचंय. कुणी पोलीस म्हणालं, कुणी नर्स म्हणालं, अर्धी पोरं नुसतीच खाली बघत उभी राहिली. मनकर्णाची ज्ञानेश्वरी उभी राहिली ती माईक हातात घेऊनच. माझ्या आईच्या अंगात येतं, म्हणाली. तो मनाचा आजार असतो असं मी वाचलंय. मला अशी माणसं बरी करायची आहेत, तर अकरावीला कोणते विषय घेऊ? मॅडमनी तिला नीट सांगितलं. सायन्सच पाहिजे असं नाही, आर्ट्सला मानसशास्त्र घे, जोडीला समाजशास्त्र घे, इंग्रजी सोडू नको. पण ते ऐकायला शाळेत कुणी उरलं नव्हतं. सगळी आधीच हसण्यात बुडाली होती.

मनकर्णानं ओळ पूर्ण केली, बांधावर जाऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि परत येऊन दुसरी ओळ धरली. पायाला काळी माती बिलगली होती, ती तिनं खुरप्यानं खरवडून काढली. तोंडातून शब्द काढला असता तर काय निघालं असतं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आता हे अंगात येणं म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. आखाडातल्या मंगळवारी गाव मरीआईला निवद घेऊन जायचं. लिंबाखाली हलगी सुरू झाली की मनकर्णाच्या तळव्यातून काहीतरी वर चढायचं. पोटऱ्या लटलट कापायच्या, दातखीळ बसायची, अंबाडा सुटायचा, आणि त्यापुढचं तिला काही आठवत नसे. पुढचं तिला लोक सांगायचे. एरवी जिनं थोरल्या दिरापुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती त्याला 'दिनकऱ्या' म्हणून हाक मारायची. ज्याचं नाव ती घेत नसे त्या नवऱ्याला 'परम्या' म्हणायची. देवी तिच्या अंगाला 'झाड' म्हणे. "परम्या, माझ्या झाडाला हात लावशील तर हात झडंल," असं एका आखाडात देवीनं सांगितलं आणि त्या दिवसापासून परमेश्वरानं बायकोवर हात टाकला नव्हता. दिनकररावानं दोघा भावांमधला बांध कोरायला घेतला होता, तोही देवीनं दटावल्यावर मागं सरला होता. आणि दर वेळी तिच्या तळहातावर जळता कापूर ठेवत. कापूर जळून जायचा, हातावर साधा डागही नसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हातानं ती भाकरी थापायची.

वर्षभर सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई. आखाडात मात्र गाव तिच्या पायावर डोकं ठेवायचं. तिला त्याचा माज नव्हता, पण ते तिचं होतं. आणि ते तिच्या पोटच्या पोरीनं माईकवरून उधळून लावलं होतं.

घरी आली तेव्हा ज्ञानेश्वरी चुलीपुढं होती. मनकर्णानं खुरपं कोपऱ्यात फेकलं.

"काय बोललीस साळंत?"

पोरगी वळलीही नाही. "खरं तेच बोलले. मॅडम म्हणाल्या, आजार म्हणजे शिवी नसती."

"मंग काय आसती? हळदीकुकू?"

"तू उगं चिडायलीस. तुला त्यातलं काही आठवत न्हाई, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, तूच सांगतीस. पुस्तकात तसंच दिलंय."

"आन कापूर? कापूर दिलाय का तुझ्या पुस्तकात?"

"कापूर वरवर जळतो. हात हलत राहिला की भाजत न्हाई. शास्त्र हाय ते."

मनकर्णानं देवळीतली कापराची वडी उचलली आणि काडी ओढली. "आन तुझा हात. हलीव किती हलवायचा तेवढा."

ज्ञानेश्वरीनं हात पाठीमागं घेतला. कापूर मनकर्णाच्या बोटांच्या चिमटीत भडकला आणि तिनं तो चुलीत टाकला. दोघी त्या दिवशी पाठीला पाठ लावून जेवल्या.

आखाडाचा पहिला मंगळवार आला. मनकर्णानं डोक्यावरून पाणी घेतलं, हिरवं लुगडं नेसली, निवद घेऊन गेली. यंदा गर्दी जास्त होती आणि ती देवीला बघायला आली नव्हती. हलगी सुरू झाली. मनकर्णा डोळे मिटून उभी राहिली. तळव्यात मुंग्या आल्यासारख्या वाटल्या आणि लगेच तिच्या मनात आलं, हेच का ते? पोरीनं पुस्तकात वाचलेलं हेच का? एवढं मनात आलं आणि मुंग्या गेल्या. आजवर ती स्वतःकडं बघत कधी उभी राहिली नव्हती. आता बघत होती आणि बघणाऱ्या बाईच्या अंगात देवी कशी येणार. हलगीवाल्यांनी हात बदलले, चाल वाढवली. घाम मानेवरून पाठीत उतरला. आरतीच्या ताटातला कापूर जळून विझला तरी ती नुसती उभीच राहिली.

"जाऊ द्या," दिनकरराव मोठ्यानं म्हणाला. "लेकीनं बरी केली तिला."

लोक हसले. घरी जाईपर्यंत मनकर्णानं पदर डोळ्यापर्यंत ओढून घेतला होता.

दुसऱ्याच दिवशी दिनकररावाच्या गड्यानं गवत काढायच्या निमित्तानं बांधाला फावडं लावलं. सावडीच्या बाया, ज्या दर साली मनकर्णाचं रान न सांगता खुरपून द्यायच्या, त्यांना अचानक कामं निघाली. एकीच्या घरी पाव्हणे आले, एकीचा गुडघा धरला. सुलाबाईनं तर सरळ सांगितलं, "तुज्या रानाला कशाला घाई, तुज्याकडं आता लेक डाक्टरीन हाय की." मनकर्णा त्यांच्या त्यांच्या रानात खुरपून आली होती, ते हात फुकट गेले.

तेवढ्यात ज्ञानेश्वरीचा नंबर लागला. अकरावीचं आता सगळं मोबाइलवर भरायचं असतं. पोरीनं स्वतःच भरलं होतं आणि परभणीच्या कॉलेजात मानसशास्त्राला तिचं नाव आलं होतं. बापाला घेऊन जायचं आणि नाव पक्कं करायचं, एवढंच उरलं होतं. पिंगळीचं रेल्वे टेसन गावापासून पायी गाठण्यासारखं, तिथून परभणी जवळ. रोज जाऊन येऊन शिकता आलं असतं.

परमेश्वरानं थोरल्या भावाला विचारल्याशिवाय कधी म्हैस विकली नव्हती. त्यानं दिनकररावाला बोलावलं. दिनकरराव ओसरीवर बसला, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत म्हणाला, "गावच्या कालेजात नाव घाल. इतिहास घे, राज्यशास्त्र घे. परीक्षेपुरतं गेलं की झालं. रानातला हात मोडत न्हाई आन पोरगी नजरंपुढं ऱ्हाती."

"तिथं मानसशास्त्र न्हाई, काका," ज्ञानेश्वरी दारातून म्हणाली.

"न्हाई तर न्हाई. काय आडलंय? उद्या पाव्हणे येतील, इचारतील पोरगी काय शिकायली. येड्याचं शास्तर, म्हनून सांगायचं? लगेच इचारतील, घरात येडं कोन हाय."

"सांगा की मग, कुणी न्हाई. न्हाईतर सांगा, सगळेच हायेत."

परमेश्वर उठला तो हात उगारूनच. मनकर्णा मधे आली. ती मधे आली की तो थांबायचा, ही इतक्या सालांची सवय होती; त्याचा हात तिच्या अंगाजवळ येऊन आपोआप खाली जायचा. या वेळी गेला नाही. त्यानं तिला खांद्याला धरून बाजूला ढकललं. तिचं कोपर चौकटीवर आपटलं आणि झिणझिणी थेट करंगळीपर्यंत गेली. परमेश्वर स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. हात झडला नव्हता. त्याला ते नवल वाटलं आणि मग बरं वाटलं, ते मनकर्णाला त्याच्या तोंडावर दिसलं.

"न्हाई जायचं परभणीला," तो म्हणाला. "इषय संपला."

दिनकररावानं बशी पालथी घातली आणि उठला.

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी दोघीच आपल्या रानात खुरपायला जाऊ लागल्या. पाऊस उघडला होता, पण आभाळ मोकळं नव्हतं. उकाड्यानं झाडाचं पान हलत नव्हतं आणि तणाला मात्र ऊत आला होता. मनकर्णाचं कोपर सुजलं होतं, खुरपं ओढताना कळ यायची. ज्ञानेश्वरी शेजारची ओळ धरून होती, हातभर मागं.

"माय, पहिल्यांदा कवा आलं होतं अंगात?"

"कामून? तुज्या पुस्तकात लिवायचंय?"

"न्हाई. इचारायलेय."

मनकर्णानं तिच्याकडं बघितलं नाही. गावातल्या बायांनी तिला इतक्या सालांत काय काय विचारलं होतं. माझी म्हैस गाभण राहील का, पोराला नोकरी लागंल का, नवरा दुसरीकडं जातोय का. हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं दोन-चार हात रान पुढं खुरपलं. मग जमिनीशी बोलावं तशी बोलली.

"तुज्या पाठचा पोरगा झाल्ता. ऱ्हायला न्हाई. त्याला पुरून आले आन दुसऱ्या दिवशी हळद शिजवायची होती. तुजी आजी म्हनली, रडून हळदीचा कुकर पेटत न्हाई. गेले मी. दिवसभर हळद वाहिली. दूध यायलं होतं मला, समदी चोळी भिजली. कुनी त्याचं नाव काडलं न्हाई परत. त्या सालच्या आखाडात आलं."

"काय म्हणायचीस तू त्याला?"

"बारसं कुटं झाल्तं."

"तसं न्हाई. घेतल्यावर काय म्हणायचीस?"

मनकर्णाचं खुरपं अडकलं. ओळीच्या टोकाला पोचल्यावर ती म्हणाली, "राघू." आणि लगेच वळून दुसरी ओळ धरली. किती वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला होता. तिला पोरीचा राग आला, आणि रागाच्या खाली दुसरंही काही होतं, छातीवरचा दगड कुणी क्षणभर उचलून धरल्यासारखं. ते तिला ओळखता येईना.

ज्ञानेश्वरी तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती सोळाची होती.

"माय, एक ऐक ना. मंगळवारी अंगात येऊ दे. देवीनं सांगितलं तर बाबा ऐकतील. काकाबी गप बसतील."

मनकर्णा उभी राहिली. हातात मातीचं ढेकूळ होतं, ते तिनं फेकलं. ते पोरीच्या पाठीत लागलं आणि फुटलं.

"तवा आजार व्हता. आता देवी झाली व्हय? भरल्या साळंत माजी इज्जत काडलीस आन आता माज्याच पदराआड बसतीस?"

"मग काय करू? त्यांना दुसरं काही कळतच न्हाई."

"यायचं आसतं ते येतं. आनता येत न्हाई. एवडं बी तुला कळत न्हाई, आन निगाली माणसं बरी करायला."

ज्ञानेश्वरी रडायला लागली. तशीच खुरपत राहिली, नाक दंडाला पुसत. मनकर्णानं तिला उगी केलं नाही. तिलाही कुणी केलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून मनकर्णाच्या डोक्यात चक्र सुरू झालं. पोरगी गावच्या कॉलेजात नाव घालून घरी बसली, तर उद्या कुठल्या तरी घरात जाईल, तिथं कुणी तरी तिला रडून कुकर पेटत नाही म्हणेल आणि हिच्याही तळव्यातून काहीतरी वर चढेल. मग हिला कोण विचारणार, पहिल्यांदा कधी आलं? ही विचारणारी एकच निघाली होती आणि तीच तोंड मिटून हराळी उपटत बसणार होती. मनकर्णाचा राग गेला नव्हता. रागातच तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर राग आणखी वाढला.

आखाडाचा शेवटचा मंगळवार. नाव पक्कं करायला उद्याचाच दिवस उरला होता. मनकर्णा आंघोळ करून लिंबाखाली गेली. बाया बाजूला सरकल्या, पण पाया पडायला कुणी पुढं आलं नाही. ज्ञानेश्वरी लांब उभी होती, तोंड वळवून.

हलगी सुरू झाली. मनकर्णानं मनापासून वाट बघितली. आई, एकडाव ये, तिनं म्हटलं, माझ्यासाठी न्हाई. हलगी चढत गेली. तळवे गार, कोरडे, नुसते मातीवर टेकलेले. कुणी आलं नाही.

मग तिनं अंबाडा स्वतःच्या हातानं सोडला.

लोकांनी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की देवी कशी घुमते, तेवढ्यावर तिनं काम भागवलं. मान फिरवली, पोटऱ्या कापवल्या, दात दाबले. आजवर जे तिला न कळता झालं ते ती आता कळून करत होती आणि शरमेनं तिचे कान तापले. देवळातल्या दिव्यातलं तेल चोरल्यासारखं वाटत होतं. पण घशातून आवाज निघाला तो मात्र तिला स्वतःलाही ओळखू आला नाही.

"परम्या."

परमेश्वर गर्दीत होता. हाक ऐकली आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. तो पुढं आला.

"माज्या झाडाला ढकललंस. कोपर सुजलंय झाडाचं. तुजा हात दाखीव."

"चुकलं आई," परमेश्वर म्हणाला. त्यानं हात पुढं केला.

"पोरीला परभनीला ने. उद्याच्या उद्या. तिला जे शिकायचंय ते शिकू दे. आडवा येशील तर मी तुज्या दारात ऱ्हानार न्हाई."

गर्दीत कुजबुज झाली. दिनकरराव पुढं सरकला. बांधाचा माणूस तो, इतक्यात हार मानणारा नव्हता. त्यानं हात जोडले आणि गोड आवाजात विचारलं, "आई, कोन्ता इषय घ्यावा म्हंतीस? कालेजात लय इषय आसत्यात."

दोन-चार पोरं फिसकन हसली. देवीला विषयाचं नाव येतंय का, ते सगळ्यांनाच बघायचं होतं. मनकर्णानं तो शब्द कपाशीच्या ओळीत किती वेळा म्हणून बघितला होता, पण आता तो उच्चारला तर चोरी पकडली जाणार, हे तिला कळलं.

"मला इषय इचारतो व्हय रं दिनकऱ्या? मानसाचं मन कशानं दुकतं ते जितं शिकिवत्यात तितं घाल. तुज्या गावात ते न्हाई. तुज्या गावात नुसतं हसाया शिकिवत्यात."

हसणं थांबलं. दिनकररावानं आजूबाजूला बघितलं. मग ताटातली कापराची सगळ्यात मोठी वडी उचलली, पेटवली, आणि मनकर्णाचा उजवा हात पुढं ओढून तळव्यावर ठेवली.

"आईचा हात हाय. मी धरतो," तो म्हणाला आणि त्यानं मनगट घट्ट धरलं. हात हलू नये इतकं घट्ट.

आधी नुसती ऊब लागली. मग आग. एरवी जे दुसऱ्याच कुणाच्या हाताला व्हायचं, ते आज तिच्या हाताला होत होतं, तिच्याच कातडीला, आणि त्या जागी तिच्याशिवाय कुणी नव्हतं. खांद्यापर्यंत सणक गेली. ओरडणं जिभेपर्यंत आलं. हात झटकला असता तर सगळं संपलं असतं. तिनं दिनकररावाच्या डोळ्यात डोळे घातले आणि आलेलं ओरडणं तसंच त्याच्या तोंडावर टाकलं.

"दिनकऱ्या, बांध! माज्या झाडाचा बांध खातोस, आन त्याच हातानं मला धरतोस?"

दिनकररावाची पकड सुटली. मनकर्णानं हात तसाच धरून ठेवला. तो हलवला नाही, पालथा केला नाही. कापूर शेवटपर्यंत जळला आणि विझला. परमेश्वर तिच्या पायावर पडला, त्याच्या मागून सुलाबाई, तिच्या मागून बाकीच्या. मनकर्णानं मूठ मिटली आणि डोळे मिटून खाली बसली. कुणी तोंडावर पाणी मारलं. त्या पाण्यात डोळ्यातलं पाणी खपून गेलं.

ज्ञानेश्वरी आता तोंड वळवून नव्हती. ती त्या मिटलेल्या मुठीकडं बघत होती.

सकाळी परमेश्वर धुतलेला सदरा घालून अंगणात तयार होता. गाडी पकडायची म्हणून घाई करत होता, पण आवाज खालचा होता. मनकर्णा चुलीपुढं बसली होती. पीठ डाव्या हातानं मळलं होतं आणि भाकरीही डाव्याच हातानं थापत होती. डाव्या हाताला सवय नव्हती. एक भाकरी काठाला फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. उजवा हात तिनं पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला होता.

ज्ञानेश्वरी दप्तर अडकवून आली आणि समोर बसली.

"माय, हात दाखव."

"उशीर व्हायलाय तुला."

पोरीनं पदर बाजूला केला. मनकर्णानं ओढायला बघितलं, पण जोर लावताच कळ आली. तळव्याच्या मधोमध रुपयाएवढा फोड होता, पाण्यानं तटतटलेला, कडेनं लाल. ज्ञानेश्वरी त्याच्याकडं बघत राहिली. दर आखाडात कापराच्या दुसऱ्या दिवशी याच हातानं थापलेली भाकरी ती लहानपणापासून खात आली होती.

"आधी कधीच भाजलं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"न्हाई."

"म्हणजे काल..."

"काल काय नि परवा काय. बाप थांबलाय तुजा."

ज्ञानेश्वरी उठली नाही. "मी तसं बोलायला नको होतं साळंत."

"बोललीस ते बोललीस." मनकर्णानं हात परत पदरात घेतला. पोरीनं रडावं असं तिला वाटत नव्हतं आणि तिनं मायेनं जवळ यावं असंही वाटत नव्हतं. जे गेलं होतं ते या पोरीनं घालवलं होतं, आणि काल जे केलं त्यानंतर ते परत यायचं नव्हतं, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं. लिंबाखाली आता ती एकटीच असणार होती. "पर आता ऐक. फुडल्या आखाडात समदं गाव परत येनार. दिनकरराव परत कापूर ठेवनार, याच्यापेक्षा मोठा. एकडाव जरी हात हलला तर देवी खोटी पडंल, आन तुजा बाप त्याच दिवशी तुजं नाव काडून आनंल."

बाहेरून परमेश्वरानं हाक मारली.

"किती वरसं लागत्यात गं हे समदं शिकायला?" मनकर्णानं विचारलं.

ज्ञानेश्वरीनं सांगितलं. अकरावी-बारावी, मग बी.ए., मग एम.ए., आणि माणसं बरी करायची असतील तर त्याच्याही पुढचं.

मनकर्णानं मनातल्या मनात तितके आखाड मोजले.

"मंग लवकर शिक," ती म्हणाली आणि डाव्या हातानं तव्यावरची भाकरी उलटली.